काटा उतरला होता

सोनईजवळच्या साखर कारखान्यात सहादेवने बत्तीस वर्षं एकच काम केलं. उसाचा रस आटवायच्या टाक्यांमधल्या नळ्या साफ करायचं. रस वाहून नळ्यांत आतून दगडासारखा थर धरतो, मग वाफेच्या दाबाचा काटा चढतो. सोड्याचं पाणी उकळायचं, लांब ब्रश फिरवायचा, नळी लख्ख करायची. काटा उतरला की पुढचे पंधरा दिवस तिकडे बघायचं नाही. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ते तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

बायको गोजरबाई पन्नाशीची. पाळी बंद झाल्यापासून तिच्या अंगाची लाही व्हायची, सकाळी डोकं ठणकायचं. दिवाळीनंतर श्रीरामपूरला दाखवलं तर बीपी एकशे ऐंशी. डॉक्टर कृपा मॅडम समजावून सांगू लागल्या, "रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, मामा..."

"कळलं मॅडम," सहादेव मधेच म्हणाला. "आमचंबी नळ्यांचंच काम हाय."

मॅडम पुढेही बोलत राहिल्या. पण सहादेवने कान कधीच बंद केले होते. गोजरबाई मात्र मान खाली घालून सगळं ऐकत होती.

दोन महिन्यांत गोळीने बीपी एकशे तीसवर आलं. सहादेवला वाटलं, झाली नळी साफ. त्याने गोळ्यांची पाकिटं उचलून पत्र्याच्या पेटीत टाकली आणि रोज लसूण-लिंबाचा काढा सुरू केला. काढ्यानं राहिलेला थर सुटेल, असा त्याचा हिशेब.

"आवो, गोळी घेऊ का?" गोजरबाईने दुसऱ्याच दिवशी विचारलं. "मॅडम म्हनल्या, अस्तर जितं असतं. रोज गोळी लागती."

सहादेव हसला. "नळी कुटं जिती असती व्हय? काटा खाली हाय. चढला की बगू."

तिने पुढच्या आठवड्यातही विचारलं. डोकं पुन्हा ठणकू लागलं तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. त्याने हातानेच गप्प केलं. पेटीला कुलूप नव्हतं. तिने नुसतं झाकण उचललं असतं तरी चाललं असतं. पण ज्या माणसाच्या शब्दावर कारखान्याची टाकी उघडायची आणि बंद व्हायची, त्याच्या शब्दाबाहेर ती कशी जाणार?

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिच्या हातातून भांडं सुटलं. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली.

दवाखान्याच्या बाकड्यावर मॅडमनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि या वेळी सहादेवने मधे तोंड घातलं नाही. अस्तराच्या बारीक पेशी रक्तवाहिनीला सैल राहायला लावतात. पाळी चालू असते तोवर बाईच्या शरीरातलं एक हार्मोन त्या पेशींना साथ देतं. ते आटलं की पेशी थकतात. मग वाहिन्या आवळणाऱ्या, अंगात मीठ धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या हार्मोनचं फावतं. गोळी त्याला रोज अडवत होती.

"थर घासायचा नव्हता, मामा. ती तुमची पितळेची नळी नाही. जिवंत आहे ती."

हेच शब्द त्याने घरात ऐकले होते, अडाणी म्हणून हसण्यावारी नेलेल्या बाईच्या तोंडून. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मॅडमकडे मान वर करून बघवेना.

आता तो कामावर जात नाही. सकाळी तिचं तोंड धुतो, वेणी घालतो, वेडीवाकडी का होईना. माफी त्याने कितीदा मागितली. ती नुसती बघत राहते. तिची वाचा गेली आहे. पाणी, भूक, दुखणं, काहीच सांगता येत नाही. जिभेवर तेवढे तीन शब्द राहिलेत.

तो गोळी काढतो. ती डावा तळहात पुढे करते आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारते, "गोळी घेऊ का?"

"घे, गोजर," तो म्हणतो. तो म्हणेपर्यंत ती गोळी तोंडात टाकत नाही.