मागच्या सीटवरची पुटपुट

शनिवारी नव्या पेठेत पांढरं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, कशाला पाहिजे? म्हटलं, झगा शिवायचाय, पुढच्या रविवारी मी चर्चचा पाळक होतोय.

त्याने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी तर एमआयडीसीत आमच्या पाव्हण्याकडं माग दुरुस्त करत हुता की!"

मीच तो. मग हे कसं काय झालं, असं त्याने विचारलं. दुकानात गर्दी होती, नीट सांगता आलं नाही... म्हणून इथे लिहितोय.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग बंद पडला की हाक मलाच. रविवारी आईच्या धाकाने चर्चला जायचो आणि शेवटच्या बाकावर मस्त डुलकी काढायचो.

आमच्या जुन्या पाळकसाहेबांचे गुडघे गेले होते. दर बुधवारी संध्याकाळी कुणा एकाच्या घरी प्रार्थना असायची, तिथे त्यांना नेणार कोण? आईने मला न विचारता परस्पर सांगून टाकलं, आमचा सुधीर नेईल. झालं... मी साहेबांचा ड्रायव्हर.

त्यांना दारात सोडायचं आणि गाडीवर बसून मोबाइल बघायचा. आतून पोहे आणि चहा येईपर्यंत माझा धर्माशी संबंध नसायचा.

साहेब मागे बसले की पुटपुटायला लागायचे. मला वाटायचं, माझ्या गाडी चालवण्याला घाबरून देवाचा धावा करतायत. मी इतका वात्रट, की मुद्दाम स्पीड वाढवायचो!

नंतर नंतर कान देऊन ऐकलं तर नुसती नावं. गुरुनानक चौकाच्या सिग्नलला दानीएलकाका, मग त्यांची दमेकरी सून. अशोक चौकात नोकरी गेलेला मार्कस... कोण कुठे राहतं ते विसरू नये म्हणून म्हातारा घोकतोय, असा मी अर्थ लावला.

आणि त्यांच्या घराच्या गेटपाशी गाडी थांबली की हमखास "सुधीर" म्हणायचे. मी म्हणायचो, "काय साहेब?" ते म्हणायचे, "काही नाही. जा तू." दर बुधवारी हेच. वय झालंय म्हणून मी सोडून द्यायचो.

तीन वर्षं अशी गेली. मग एका बुधवारी साहेब चिकुनगुन्याने अंथरुणाला खिळले. मला म्हणाले, रत्नामावशीकडे निरोप तेवढा दे, मला येता येत नाही.

रत्नामावशीच्या पोटात गाठ होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. आधी दोन वेळा ती दवाखान्याच्या दारातून परत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उशीर नको. साहेबांनी प्रार्थना केली तरच जाईन, असं तिने या वेळी कबूल केलं होतं.

मी निरोप सांगितला. मावशीने भरलेली पिशवी उचलली आणि कॉटखाली सरकवून दिली. "मग म्या न्हाय जात."

तिची लेक रूथ माझ्याकडे बघत राहिली. रडून रडून डोळे सुजले होते बिचारीचे.

"मावशी, असं काय करतेस..."

"तू हायस की. तू कर प्रार्थना."

"मला नाही येत."

"तीन वर्सं भाईर बसून नुस्तं पोहेच खाल्लंस व्हय रं?"

आणि तिने पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटलेसुद्धा. रूथनेही मिटले. पळायची सोय नव्हती.

मला एकही धड वाक्य सुचेना. मागाचा सुटा भाग हातात घेऊन कुठे बसवायचा ते न कळावं, तसं झालं. मग जे येत होतं ते म्हणायला लागलो... रत्नामावशी. रूथ. दानीएलकाका. त्यांची सून. मार्कस. चौकामागून चौक, साहेबांच्या घराच्या रस्त्याने. मनातल्या मनात गाडीच चालवत होतो म्हणा ना.

शेवटी गेट आलं. पुढचं नाव म्हणायला तोंड उघडलं...

पुढचं नाव माझं होतं.

म्हणजे तीन वर्षं, दर बुधवारी, हा माणूस मला हाक मारत नव्हता. माझ्यासाठी प्रार्थना करत होता! आणि मी खुशाल "काय साहेब?" म्हणत होतो. मी तिथे लहान पोरासारखा रडलो.

मावशीनेच "आमेन" म्हणून वेळ निभावून नेली. मग कॉटखालून पिशवी ओढली आणि लेकीला म्हणाली, "सकाळी रिक्षा लवकर सांग."

ऑपरेशन नीट झालं. आता पुढच्या रविवारी मी झगा घालीन तेव्हा ती पहिल्या बाकावर बसणार आहे म्हणे.

साहेबांना सगळं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "गेटपर्यंत आलास ना?" मला जरा रागच आला. दर वेळी "काही नाही" म्हणून चक्क खोटं बोलायचे की!

देवाने असं आपल्या कामाला बोलावून घेण्याला आमच्यात पाचारण म्हणतात. पण मी काही लगेच शहाणा झालो नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखाना. फक्त चौक आला की नावं आपोआप तोंडात यायची. वर्षभर टाळाटाळ केली, शेवटी सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजचा, फॉर्म भरला.

साहेब गेल्या वर्षी गेले. माझा झगा बघायला ते हवे होते... फार हवे होते. आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव यादीत घेता येत नाही. आभार मानता येतात.

कापड घेऊन परतताना त्यांच्या गेटपाशी गाडी थांबवली आणि तेवढे मानले. तिथे आता दुसरे लोक राहतात. आतून एक आजोबा काठी टेकत आले, "कोण पायजे?"

"काही नाही," म्हटलं. आणि त्यांचं नाव तेवढं विचारून घेतलं.