हिनेक क्रुपिच्काचा चेहरा

हिनेक क्रुपिच्काला निम्म्या प्रागने पाहिलेलं होतं, पण पाठमोरं. ट्राम डेपोत चाकांना वंगण घालायची नोकरी सांभाळून त्याने तीस वर्षांत एकतीस चित्रपटांत काम केलं, आणि एकतीसही वेळा प्रेक्षकांच्या वाट्याला त्याची मान, त्याचे खांदे आणि विरळ होत चाललेला डोक्यावरचा भोवरा एवढंच आलं. राजवाड्यातल्या मेजवानीत तो पाठमोरा जेवला, दोन्ही महायुद्धांत पाठमोरा मेला, आणि एका लग्नात तर नवरीचा बाप होऊन पाठमोराच रडला. टेकडीवरच्या स्टुडिओतून फोन यायचा तोही असाच: "क्रुपिच्का, उद्या एक रुंद पाठ हवीय. मोकळे आहात का?"

त्याला स्वतःला याचं काहीच वाटत नसे. दुपारचं जेवण फुकट, बसायला सावली आणि गप्पांना बोर्झिवोयसारखा जुना दोस्त. माणसाला आणखी काय लागतं? वाटायचं ते त्याच्या आईला. ल्युडमिलाबाईंनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत मुलांना वळण लावलं होतं, आणि बोलणाऱ्याकडे पाठ करून उभं राहणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. मुलाचा चित्रपट लागला की त्या तासाभराचा बसप्रवास करून प्रागला येत, पर्समधून पावात घातलेला रीझेक, म्हणजे मांसाचा तळलेला काप, काढत, आणि पडद्यावर ती ओळखीची पाठ दिसली की सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "हिनेक, वळ की रे! तो बोलतोय ना तुझ्याशी!" कितीतरी रटाळ चित्रपटांत लोक हसले ते तेवढ्या एका जागी.

पंधरा-वीस वर्षं हळूहळू मंदावत गेलेल्या बाईंच्या डोळ्यांनी शहाऐंशीव्या वर्षी पुरता दगा दिला. कडेचं दिसे, पण जिथे रोखून पाहावं तिथे नेमका धूर. डॉक्टरांनी चाचरत सांगितलं की पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत उरलंसुरलंही जाईल. बाईंनी ते एखाद्या नापास पोराची प्रगती ऐकावी तसं ऐकून घेतलं. मात्र परतताना बसथांब्यावर त्या हिनेकला म्हणाल्या, "टेबलापलीकडे बसतोस तेव्हा मला तुझे कान दिसतात. मधे तू नसतोसच."

"जवळ येऊन बसत जाईन, आई."

"जवळ आलास तरी मधे धूरच. सिनेमात सगळं घराएवढं असतं. तिथे एकदा वळ. मग मी मोकळी."

हिनेकने मान डोलावली आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. त्याला एक चेहरा हवा होता, आणि तोही त्या हिवाळ्याच्या आत.

त्याच वसंतात परदेशी लोकांचा एक मोठा चित्रपट चित्रीकरणासाठी प्रागला आला. गोष्ट अशी, की राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या निरनिराळ्या कादंबऱ्यांमधली सहा माणसं कुणीतरी एका टेबलाशी आणून बसवतं आणि जग वाचवायला सांगतं. त्यांच्यातला एकही धड नाही. नकाशे काढणारा कर्नल स्वतःच्या गल्लीत हरवतो. बलून उडवणाऱ्या बाईंना उंचीवर भोवळ येते. डॉक्टरला रक्त पाहवत नाही, भुतं पकडणारा प्राध्यापक अंधाराला घाबरतो, आणि उरलेले दोघे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. हिनेकने हे सगळं आईला फोनवर सांगितलं.

"ही असली माणसं जग वाचवणार?" बाई म्हणाल्या. "आमच्या गावच्या अग्निशमन दलात यांना कुणी बादली धरू देणार नाही."

हिनेक गर्दीतल्या माणसांची नेमणूक करणाऱ्या राद्काकडे गेला. तीस वर्षांत त्याने तिथे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मला या वेळी चेहरा द्या," तो म्हणाला.

"चेहरा? अहो क्रुपिच्का, चेहरे मला ढिगाने मिळतात. तुमच्यासारखी पाठ अख्ख्या प्रागमध्ये नाही!"

मग त्याने आईचं सांगितलं. राद्का जरा वेळ पेन चावत बसली, आणि मग यादीतलं एक नाव खोडून तिने त्याचं लिहिलं. लंडनच्या क्लबातला म्हातारा बटलर. दारातून आत यायचं, गालिच्यावरून दहा पावलं टाकायची, सहा ग्लासांचा ट्रे धरून थांबायचं, चेहरा वर करून इंग्रजीत एक वाक्य म्हणायचं: साहेब, सगळे जमले आहेत. हिनेक ते वाक्य पंधरा दिवस ट्राममध्ये घोकत होता. बोर्झिवोय त्याला म्हणाला, "विसरलास तर सरळ पाठ फिरव लेका, तेवढं तुला येतं." बोर्झिवोयही वीस वर्षं गर्दीत उभा होता आणि त्याचाही चेहरा कुणी मागितला नव्हता, त्यामुळे या थट्टेत थोडी जळजळ होती.

चित्रीकरणाच्या दिवशी हिनेकला पांढरे कल्ले चिकटवले, काळा कोट चढवला, आरशासारखे चकचकीत बूट दिले. आत क्लबाचं ग्रंथालय उभारलं होतं: छतापर्यंत पुस्तकं, पेटती शेकोटी आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत लालभडक जाड गालिचा. इशारा झाला. हिनेक आत आला, दहा पावलं चालला, थांबला, चेहरा वर केला आणि वाक्य म्हणाला. मान ताठ, आवाज शांत. जन्मभर उमरावांच्याच घरी राबलेला माणूस वाटावा. दिग्दर्शक आनंदाने खुर्चीतून उठला, आणि उठला तसा खाली पाहून थिजला.

"त्या माणसाचे बूट कुठे गेले?" तो ओरडला. राद्काने भाषांतर केलं.

"दाराशी आहेत," हिनेक म्हणाला. "कुठे जातील?"

खरंच, दाराबाहेर बूट भिंतीकडे टाचा करून नीट जोडीने ठेवले होते, आणि लंडनचा बटलर करड्या लोकरी मोज्यांत उभा होता. गंमत अशी, की सुतार, वायरमन, कॅमेरावाले मिळून पन्नास झेक माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि त्यांच्यातल्या एकालाही काही खटकलं नव्हतं.

"पण काढले का?"

"गालिचा आहे ना," हिनेक म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नाही.

दिग्दर्शकाने समजावलं, की इंग्रज लोक गालिच्यावर बूट घालूनच चालतात. वर दिव्यांपाशी बसलेल्या वायरमनने तिथूनच विचारलं, "बाहेरच्या बुटांनी?" आणि मंडळींत नाराजीची कुजबुज झाली.

हिनेकने बूट घातले. तिथून सगळं बिनसलं. दुसऱ्या वेळी तो गालिच्याच्या कडेकडेने चालला, तिसऱ्या वेळी चवड्यांवर, आणि चौथ्या वेळी वाक्य म्हणताना त्याची नजर आपल्या मागे उमटलेल्या पावलांवर होती. पाचव्या वेळी ग्लास कलंडला आणि बटलरसाहेब गुडघे टेकून बाहीने गालिचा पुसायला लागले. "मला बटलर हवाय, चोर नकोय!" दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला. सातव्या वेळेनंतर त्याने राद्काला सांगितलं, की ट्रे दुसऱ्या कुणाला तरी द्या, तो तिथे बसलाय त्याला द्या. बोट बोर्झिवोयकडे होतं.

आता आईला पुन्हा पाठच, आणि तीही शेवटची. हिनेक बोर्झिवोयपाशी गेला आणि ट्रे पुढे केला. बोर्झिवोयने ट्रेकडे पाहिलं, दोस्ताकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांचं त्याला ठाऊक होतं.

"राद्काबाई," तो म्हणाला, "मला देऊन उपयोग नाही. मीही बूट काढणार."

"तुम्ही मुद्दाम म्हणताय."

"मुद्दाम कशाला? विचारा की सगळ्यांना. त्या गालिच्यावर बूट घालून जाईल आणि तोंडावर काही दिसू देणार नाही, असा कोण आहे इथे?"

कुणी हात वर केला नाही. राद्काने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. गालिच्यापाशी तीही सकाळपासून मोज्यांवरच वावरत होती. दिग्दर्शक डोकं धरून खाली बसला. मग म्हातारा कॅमेरामन इतकंच म्हणाला, की भांडता कशाला, मी पुढे सरकतो, नुसता चेहराच घेतो, खाली त्याने काय घातलंय ते कुणाला दिसतंय. आठव्या वेळी हिनेक मोज्यांवर आला, आणि एकतीस चित्रपटांत ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्या चेहऱ्याने सगळी चौकट भरून गेली.

चित्रपट दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये लागला. बाईंचा धूर तोवर दाट झाला होता. हिनेकने पहिल्या रांगेची दोन तिकिटं काढली, आईचा हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या, आणि त्याच्या मनात सारखं येत होतं, की आपला प्रसंग कापून टाकला असला तर? सहा मोडके नायक टेबलाशी जमले. दार उघडलं. आणि हिनेक क्रुपिच्का भिंतभर झाला.

त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो आईकडे पाहत होता. तिने डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मान जराशी वाकडी करून नजर कडेला लावली होती, आणि रीझेक चावायचं थांबवलं होतं. वाक्य झालं. चेहरा गेला. या वेळी थिएटरात कुणी ओरडलं नाही.

"दिसलं, आई?"

"दिसलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू म्हातारा झालास रे."

"ते कल्ले चिकटवलेले होते."

"कल्ले कळतात मला. डोळ्यांखालच्या पिशव्या कुणी चिकटवल्या? कपाळावर किती ते! आवाज होता तसाच आहे, म्हणून मी आपली तुला चाळिशीतलाच धरून चालले होते." तिने चाचपून त्याचा हात घट्ट धरला. हिनेकला रडू आवरेना. "एवढा म्हातारा एकटाच होत राहिलास. मला सांगायचंस तरी."

जग वाचलं, दिवे लागले, लोक उठले. हिनेकने आईचा कोट पुढे केला तरी ती खुर्चीतून हलली नाही.

"पुढचा खेळ कितीला?"

"साडेपाचला. पण आई, बस चुकेल."

"चुकू दे. जा, तिकिटं काढून आण," ल्युडमिलाबाई म्हणाल्या. "अजून माझं पाहून झालेलं नाही."