सुपारीत आवाज झाला तो माझा

हे मी कुणाला बोललेलो नाही. पोराला नाही, बहिणीला नाही, रोज पाया पडतो त्या देवालाही नाही. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण बायको जाऊन तीन महिने झाले आणि मला भ्या वाटतंय — कशाचं, ते सांगतो. हसू आलं तर हसा. आमच्याकडंबी लई हसले होते.

चाळीसेक वर्षांमागं शिरोळला आमच्या घरी धाकट्या बहिणीची, सुमनची, लग्न ठरायची सुपारी होती. गारगोटीकडचे पावणे आलेले, पुढचा सोपा माणसांनी भरलेला. माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष. माझी बायको शालन चहाचा ट्रे घेऊन माझ्यापुढं वाकली — आणि तेवढ्यात मोठ्यानं आवाज झाला. पादल्याचा. सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. वडिलांचं तोंड बघितलं. सोयरीक मोडली तर? सकाळपासून हरभऱ्याची उसळ मीच हाणलेली, आवाज कुणाचा ते मला ठाऊक नसणार? पण मी काय केलं? शालनवर वरडलो, "आत जा की गं! माणसं बसल्यात, कळत न्हाय?"

एक पावणा म्हणाला, "असू द्या की वो, सूनबाईनं सलामी दिली!" सगळा सोपा खदाखदा हसला. ती ट्रे खाली ठेवून आत गेली. सासऱ्यासमोर काय बोलणार होती?

त्या दिवसापासून भावकीत ती 'सलामीवाली'. बारशाला गेली तरी बायका म्हणायच्या, "सरका गं, तोफ आली!" तिनं हरभरा सोडला, वाटाणा सोडला, कांदासुद्धा. कुणाच्या लग्नाला जायचं तर आदल्या दिवसापासून उपाशी. आणि मी? मी घरात खुशाल पादायचो, तिच्यासमोर. तिनं मला एकदाबी विचारलं नाही. विचारलं असतं तर — कबूल झालो असतो? नसतो झालो.

यंदा तिचं पोट फुगलं. कोल्हापुरात दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, गॅस पास होतो का?" शालननं माझ्याकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि मान हलवली — होतो. होत नव्हता. कालपासून ती संडासात जाऊन तशीच परत येत होती, मला दिसत होतं की. पण बोललो असतो तर बाईंनी विचारलं असतं, आजी एवढ्या लाजतात कशानं? मी भ्यालो. गोळ्या घेऊन घरी आलो.

दोन दिवसांनी उलट्या. परत दवाखान्यात नेली, ऑपरेशनात पोट उघडलं तर आतडं काळं पडलेलं. बाईंनी मग समजावलं — पोटात जंतू असतात, ते अन्न फोडतात, त्यातनं वारा होतो, सगळ्यांच्याच. तो सरायचा थांबला तर आतडं अडलं असंल म्हणून बघायचं. त्यासाठीच विचारलं होतं. आता वारा सरला की पाणी द्या, म्हणाल्या. ती पाणी मागत होती. मी, पोरगा, सून, सुमन — खाटेभोवती सगळी कान देऊन उभी. सरलाच नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

दाबून ठेवल्यानं आतडं अडत नाही, असं बाई सांगतात. असंल. पण ते दोन दिवस?

बाराव्याला सुमन रडता रडता हसली. "दादा, वहिनीनं माझ्या सुपारीत काय सलामी दिलीवती, आठवतंय न्हवं?" मी मान हलवली. होय म्हणून.

पोरगा येता-जाता फोटोपुढं उभा राहतो. "आई, डॉक्टरांशी खोटं का बोललीस गं?" राग तिच्यावर धरून बसलाय; मी न सांगता मेलो तर तो तसाच राहील, त्याचंच भ्या. मी तिथंच खुर्चीत असतो.

हा कागद आधी त्यानं वाचायचा. तो आत्ताच कामावरनं आलाय, दारात चप्पल काढतोय. देतोय.