येते म्हणून जाणं

बारावीच्या शिकवणीसाठी मी लातूरला राहायचे, त्या खोलीत खरं तर तीन खाटा मावायच्या. घरमालकीण मावशींनी सहा घातल्या होत्या. शेजारणीला उठवल्याशिवाय कूस बदलायची सोय नाही. जीवशास्त्राच्या सरांनी 'वहनक्षमता' शिकवली, म्हणजे एखादी जागा जास्तीत जास्त किती जीव पोसू शकते, तेव्हा वाटलं, या माणसाला एकदा पहाटे आमच्या संडासासमोरच्या रांगेत उभं करावं.

सरांनी फळ्यावर गोल काढला नि त्याला चार बाण. जन्मणारे आणि बाहेरून येणारे आत, मरणारे आणि सोडून जाणारे बाहेर. "कुठल्याही जिवांची संख्या या चारच वाटांनी बदलते. पाचवी वाट न्हाई." मी त्या गोलाकडं नुसती बघत बसले. आमच्या गावात भूकंपाच्या पहाटे एकाच बाणानं निम्मं गाव नेलं होतं. त्यात माझी आई. मागं उरलो बाबा नि मी, पत्र्याच्या शेडात.

माझ्या शेजारच्या खाटेवर देगलूरकडची एक मुलगी होती. एका रविवारी तिनं बॅग भरली, "येते गं" म्हणून गेली, ती परत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या खाटेवर दुसरीच घोरत होती.

त्याच आठवड्यात सरांनी मला उभं केलं. "सोडून जाणं, म्हणजे एमिग्रेशन. व्याख्या सांग."

"येते म्हणून जाणं, सर."

अख्खा वर्ग खदाखदा हसला. सर म्हणाले, "बाई, यायचं का जायचं, एकदाचं ठरव!" माझं डोस्कंच फिरलं. खोलीवर गेले, ट्रंक भरली नि गावाची एसटी धरली. मरू दे ती डॉक्टरकी!

बाबांनी ट्रंक आत घेतली. पिठलं केलं, वाकड्यातिकड्या दोन भाकरी थापल्या. मीच म्हणाले, "बाबा, तिथं माझा जीव घुसमटून राहिलाय. मी इथंच राहते."

"हितं काय हाय? पत्रे हायत."

खोटं नव्हतं. शेड तापलं की तिथंही श्वास कोंडायचा. पण तिथं बाबा होते.

सकाळी त्यांनीच माझी ट्रंक उचलली नि फाट्याकडं चालायला लागले. मी त्यांच्या मागं.

आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. जाते म्हणजे कायमची. चुकून कुणाच्या तोंडून निघालंच, तर आई त्याला उंबऱ्यावरून मागं फिरवायची. "काय बोलणं हाय का हे? येते म्हण!"

गाडीत बसल्यावर मी खिडकीतून म्हणाले, "येते, बाबा."

"येते न्हाई. जाते म्हण."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "बाबा, आई असती तर..."

"तुझी आई हितंच ऱ्हायली," बाबा म्हणाले. "तू जाते म्हण."

कंडक्टरनं घंटी मारली. मला रडू फुटलं नि त्यांचा लई राग आला.

"जाते," मी म्हणाले.

"हां," बाबा म्हणाले, नि गाडी हलेपर्यंत त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.