बाकावरचा चहा

भोईवाड्यातल्या आमच्या मोरेश्वर बिल्डिंगच्या दारात, जिन्याच्या डाव्या हाताला एक लाकडी बाक आहे. दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत कुशाबा घाडी त्यावर बसलेले असतात. वय शहात्तर, अंगात इस्त्रीचा सदरा, पायाशी कुरिअरवाल्यांनी ठेवलेली खोकी. घरी कोणी नसलं की अख्खी चाळ पार्सलं त्यांच्याकडे ठेवायला सांगते. कोणाकडे काय आलं हे त्यांना ठाऊक असतं, पण ते त्यांच्या तोंडून दुसऱ्याला कळत नाही. मी पुस्तकं घ्यायला गेले की न बघता हात घालून माझंच खोकं काढतात आणि म्हणतात, "जड आसा." तेवढंच.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ते एकतीस वर्षं लिफ्टमन होते. लिफ्टमध्ये माणसं रडतात, भांडतात, नातेवाइकांना अजून न सांगितलेलं डॉक्टर एकमेकांना सांगतात. कुशाकाका बटणांकडे तोंड करून उभे राहायचे. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की निवृत्तीनंतरही ती घरी आली. "माझो पगार गप रवण्याचोच होतो," असं ते हसत सांगतात.

पण त्यांची खरी ओळख वेगळी. ते आमच्या चाळीतले चौकशीचे माणूस आहेत.

लग्न ठरायच्या आधी समोरच्या घरची चौकशी करायची, ही रीत आमच्याकडे अजून आहे. मुलंमुली आता साइटवर भेटतात, एकमेकांचे फोटो वर्षभर मागे जाऊन बघतात, तरी एखाद्या संध्याकाळी मुलीचा बाप किंवा मामा बिल्डिंगखाली येऊन उभा राहतोच. तो वर जात नाही. दारातल्या बाकावर बसतो, रुमालाने मान पुसतो आणि विचारतो, "इथे अमुक अमुक राहतात ना? कसे आहेत हो?" हा प्रश्न आधी कुशाकाकांच्या वडिलांना विचारला जायचा. ते गेल्यावर बाकाबरोबर प्रश्नही कुशाकाकांकडे आला. तेव्हा ते तिशीचेही नव्हते.

वडिलांनी दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. खोटं बोलायचं नाही, आणि शुभकार्यात मोडता घालायचा नाही. मुलगा चांगला असला तर दोन्ही एका वेळी जमतं. नसला तर काय करायचं, त्याचा तोडगाही वडिलांचाच. चहा मागवायचा.

म्हणजे असं. मुलगा धड असेल तर कुशाकाका भरभरून बोलत. धड नसेल तर म्हणत, "बसा, चहा सांगतो," आणि नाक्यावरच्या टपरीवाल्याला हाक मारत. मग चहा, पाऊस, गावचा आंबा, सगळ्यावर बोलणं व्हायचं, मुलगा सोडून. समजणारा समजायचा. चहा संपवून, "येतो," म्हणून जायचा आणि पत्रिका जुळत नसल्याचा निरोप पाठवायचा. कोणी कोणाला वाईट म्हटलेलं नसायचं. गॅलरीत उभ्या बायका खाली डोकावून बघत आणि टपरीवरून ग्लास आला की एकमेकींकडे बघून आत जात. ही खूण आम्हाला कोणी शिकवली नाही. जिन्यावर खेळता खेळता ती कळली, जशी चप्पल कुठे काढायची ते कळतं तशी. मागवलेला चहा कुशाकाका स्वतः मात्र घेत नसत. "तो पावण्यांचो," म्हणत.

अकरा नंबरमधल्या जाईबाई १९७९ साली लग्न होऊन इथे आल्या. नवरा गुणाजी, गिरणीत विणकर, पेटी छान वाजवायचा, आणि प्यायचा. गिरणी होती तोवर शनिवारी, मग संपानंतर रोज. जाईबाईंनी डबे करून घर चालवलं. गुणाजी जाऊनही आता बावीस वर्षं झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला एकच मुलगा, स्वप्नील. तो दादरला एका तपासणी केंद्रात ईसीजी काढतो. मधली चार वर्षं त्याचंही बापाच्याच वाटेने चाललं होतं. मग एका सकाळी तो आईला म्हणाला, "मला कुठेतरी नेऊन ठेव," आणि कर्जतजवळच्या एका केंद्रात तीन महिने राहून आला. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. स्टेशनवरून त्याला घरी घेऊन येणारे कुशाकाका होते. चाळीत कोणी तो विषय काढत नाही.

या वर्षी दिवाळीनंतर त्याचं लग्न जमायला आलं. मुलगी दर्शना, गिरगावात फणसवाडीत राहणारी, बँकेत नोकरी. दोघं सहा महिने भेटत होती. जाईबाईंच्या चालण्यातही फरक पडला होता.

त्या शनिवारी मी पार्सल घेत होते, तेवढ्यात जाईबाई ओले हात पदराला पुसत जिना उतरून आल्या. मी निघायला लागले तर म्हणाल्या, "रव गो. तुझ्यापासून काय लपवायचा?" आणि बाकाच्या टोकाला बसल्या.

"भावजी, उद्या चेडवाचे वडील येतले. वर येवच्या आधी हय बसतले."

"बसांदेत की."

"चाय मागवू नकात."

कुशाकाका खोकी नीट लावत होते, ते थांबले. मला वाटलं, आई मुलासाठी शब्द टाकते आहे. त्यांनाही तसंच वाटलं असावं.

"मगे काय सांगू, वयनी? नाय म्हणान सांगू?"

"ता तुमचा तुमी बगा. मी सांगणार नाय. पण चाय नको." त्या थोडं थांबल्या. "माझ्या बापाशीक तुमी चाय पाजलास."

"पाजलंय." कुशाकाकांचा आवाज खाली गेला. "तरी ते हो म्हणाले. मी म्हटलं, त्यांचा त्यांका पटला असतला."

"त्यांका खूण खय ठावक? ते कुडाळसून येसटीत बसान इल्ले. चाय त्यांका खूप आवडली. घराक येवन आवशीक सांगल्यानी, माणसा बरी आसत गो, चायेशिवाय सोडूक नाय."

हे सांगताना जाईबाई हसल्या. खरंच हसल्या, जुनी फजिती सांगताना हसावं तशा. लग्नानंतर पाच-सहा महिन्यांनी, दुसऱ्या कुणाच्या चौकशीला आलेल्या माणसाला खाली चहा दिला गेला, शेजारणी गॅलरीतून एकमेकींना खुणावू लागल्या, तेव्हा त्यांना आपल्या वडिलांच्या त्या ग्लासचा अर्थ कळला होता. सेहेचाळीस वर्षं त्या रोज या बाकावरून जात-येत होत्या. कुशाकाकांच्या बायकोच्या आजारपणात डबा देत होत्या. आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आधी कित्या सांगूक नाय?" कुशाकाकांनी विचारलं.

"सांगान काय झाला असता? तुमी आयुष्यभर माझ्याकडे बघूक नसतास. शेजार गेलो असतो." त्या उठल्या. "आमटी उतू जाईत."

त्या गेल्यावर कुशाकाकांनी लावलेली खोकी पुन्हा काढून लावली. मी पार्सल घेऊन तशीच उभी. शेवटी ते मला म्हणाले, आणि शिकलेल्या माणसाशी बोलताना ते जरा शुद्ध बोलतात, "मी खोटं बोललो नव्हतो. इतकी वर्षं मी रात्री तेवढ्यावर झोपलो."

 दोन वर्षं तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसून मी नीतीवरची बरीच पानं वाचली होती. त्यातलं एकही त्या वेळी उपयोगी पडेना.

"आता बघ," ते म्हणाले. "सांगितलं, तर पोराने तीन वर्षं सांभाळलं ते मी एका शब्दात मोडणार. नाही सांगितलं, तर दुसऱ्याच्या मुलीला अकरा नंबरात पाठवणार. बाबा म्हणायचे, मधला रस्ता चहाचा. तो रस्ता कुडाळला जातो, हे त्यांना कुठे माहीत होतं?"

रविवारी साडेचारला दर्शनाचे वडील आले. रमाकांत पाठारे, विमा कंपनीतून निवृत्त, हातात कापडी पिशवी, बोलणं मऊ. त्यांनी बिल्डिंगचं नाव वाचलं, घड्याळ बघितलं आणि रीतीप्रमाणे बाकावर बसले. वर अकरा नंबरच्या गॅलरीत जाईबाई वाळलेले कपडे काढत होत्या. एकच चादर त्यांनी तीनदा घडी केली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. त्या दिवशी माझं पार्सल नव्हतं.

"आपण इथले जुने दिसता," रमाकांत म्हणाले. "अकरा नंबरमधल्या मुलाबद्दल जरा विचारायचं होतं."

कुशाकाकांनी नाक्याकडे बघितलं. टपरीवाल्याने सवयीने मान वर केली. काकांनी हाताने त्याला नको अशी खूण केली.

"विचारा. पण एक अट आहे. मी त्याला खाली बोलावतो. तो समोर असताना विचारा."

रमाकांत गडबडले. "अहो, चौकशी अशी समोर करतात का? बरं दिसत नाही."

"बरं दिसावं म्हणूनच आजवर पाठीमागे केली. माझ्याकडे त्याचं जे आहे ते अर्धं आहे. ते मी दिलं तर चहाडी, नाही दिलं तर फसवणूक. उरलेलं अर्धं त्याच्याकडे. त्याने चुकवलं तर मी इथेच बसलोय." आणि मान वर करून हाक मारली, "स्वप्नील, झिला, खाली ये रे. शर्ट घालून ये."

स्वप्नील आला. बाकावर जागा होती तरी उभा राहिला. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. ग्लास नव्हता. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी नाही अशी मान हलवली.

"बस," कुशाकाका म्हणाले. "हे दर्शनाचे वडील. यांना तुझ्याबद्दल जे कळायला हवं, ते तू सांगणार की मी सांगू?"

गॅलरीत चादर थांबली.

स्वप्नील बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ईसीजीला आलेल्या पेशंटला सांगावं तसं सावकाश, त्याने सांगितलं. चार वर्षं दारू, त्यातल्या एका वर्षी सुटलेली नोकरी, कर्जतचे तीन महिने. "फेब्रुवारीत तीन वर्षं झाली. अजून दर गुरुवारी मीटिंगला जातो. जायचं थांबवणार नाही."

रमाकांत बराच वेळ पिशवीच्या बंदांशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "हे दर्शनाला कधी सांगणार होतात?"

"तिला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या भेटीत सांगितलं. दादरच्या हॉटेलात, ऑर्डर द्यायच्या आधी. म्हटलं, उठून जायचं असेल तर बिल तरी नको." स्वप्नीलला थोडं हसू आलं, ते त्याने आवरलं. "ती म्हणाली, बाबांना मी सांगेन. दर रविवारी सांगणार होती. मी एकदा म्हटलं, मी येऊन सांगतो. तर म्हणाली, नको, त्यांचा रविवार खराब होईल."

रमाकांतांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे सगळ्यांना माहीत. तुम्हाला माहीत, मुलीला माहीत, हिला पण माहीत." 'हिला' म्हणजे मला. "मीच राहिलो होतो."

"तुम्ही बाप," कुशाकाका म्हणाले. "बापाला शेवटी चहाच मिळतो."

"म्हणजे?"

मग कुशाकाकांनी त्यांना चहाची गोष्ट सांगितली. वडिलांची शिकवण, टपरी, खूण, सगळं. आणि कुडाळहून आलेल्या एका माणसाचं, ज्याला चहा आवडला. कोणाचे वडील ते सांगितलं नाही. पण सांगताना त्यांनी एकदा वर बघितलं, आणि रमाकांतांनीही त्यांच्या नजरेमागोमाग वर बघितलं. गॅलरी रिकामी होती.

रमाकांत म्हणाले, "आमच्या फणसवाडीत चहा नाही मागवत. आमच्याकडे म्हणतात, 'कुटुंब मोठं सुसंस्कृत आहे.' मुलाबद्दल काही नाही, फक्त कुटुंब. मीही म्हटलंय दोनदा." त्यांनी चष्मा परत घातला. "त्यातल्या एका मुलीचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही."

पलीकडे कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. तेवढ्यात जिन्यावर भांड्यांचा आवाज झाला. जाईबाई ताटलीत चार कप घेऊन उतरत होत्या, एकेक पायरी बघत. मी ताटली धरायला उठले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पहिला कप त्यांनी रमाकांतांपुढे धरला.

रमाकांतांनी कप घेतला आणि तसाच हातात धरून राहिले. कपाकडे बघितलं, कुशाकाकांकडे बघितलं.

"पिया," जाईबाई म्हणाल्या. "ही घरची आसा. हिचो अर्थ चाय एवढोच."

स्वप्नील मोठ्याने हसला. रमाकांतांनी एक घोट घेतला, मग दुसरा. "आलं घातलंय," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "दर्शनाला आल्याचा चालत नाही. वेलची घालावी लागेल."

जाईबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. मग दुसरा कप त्यांनी कुशाकाकांपुढे केला. चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की बाकावर ते चहा घेत नाहीत. त्यांनी खोकी पायाने जरा बाजूला सारली, दोन्ही हातांनी कप घेतला आणि सरकून बाकावर जाईबाईंसाठी जागा केली.

"बस, वयनी," ते म्हणाले. "उतू जावच्यासारखा आता वर काय नाय ना?"