सूनबाईंच्या मशीनमध्ये मामंजी

दवाखान्यातल्या त्या थंडगार खोलीत सूनबाईंचं राज्य होतं. एमआरआय काढायचं त्यांचं काम, पण बरोबरची मंडळी त्यांना 'हुकूमबाई' म्हणत, आणि उगाच नाही हो! "श्वास घ्या. सोडा. थांबा!" दिवसभर हाच जप. भलेभले त्या आवाजापुढे गोगलगाय व्हायचे. त्यांचं न ऐकणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका त्यांच्याच घरात राहायचा. त्यांचे सासरे.

मामंजी काच फुंकणारे. भट्टीसमोर लांब नळी तोंडाला लावायची नि वितळलेल्या काचेचा फुगा करायचा, त्यात उभा जन्म गेला. मग हार्ट अटॅक आला आणि डॉक्टरांनी भट्टी बंद केली. तेव्हापासून म्हाताऱ्याने घराला सळो की पळो करून सोडलं होतं. चहात खोड, पंख्यात खोड, नातवाच्या केस विंचरण्यातही खोड. आज त्यांच्या हृदयाचा कुठला भाग किती आकसतो ते मोजायचं होतं. मोठा भाग निकामी निघाला, तर भट्टीला कायमचा रामराम.

"सूनबाई, नीट काढ गं," आडवे होत ते म्हणाले. "माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

"तुम्ही फक्त माझं ऐका मामंजी. आयुष्यात एकदा तरी!"

पडद्यावर हृदय उमटलं. त्यावर मशीनने आखलेली बारीक जाळी, चौकडीच्या कापडासारखी. स्नायू आकसला की तिथले चौकोन चेपतात. स्नायू मेलेला असला की चौकोन ढिम्म. मामंजींच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीचे चौकोन हलता हलेनात, आणि रेघाही फिसकटलेल्या. बाईंनी सरळ डॉक्टरांना बोलावलं.

"घरचं माणूस आहे, माझा माझ्यावर भरवसा नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पाहिलं. "श्वास नीट धरलेला नाही, चित्र हललंय. यावरून काहीच सांगता येणार नाही. पुन्हा काढा, मी बसतो इथे."

बाईंनी पुन्हा हुकूम सोडला आणि या वेळी मशीनमधल्या कॅमेऱ्यात मामंजींच्या तोंडाकडे पाहिलं. गाल टम्म फुगलेले, चेहरा लालबुंद! 'सोडा' म्हटलं की हा गृहस्थ अर्धाच श्वास सोडायचा आणि उरलेला गालात दाबून हळूहळू फुंकत राहायचा. भट्टीवर छाती रिकामी केली की काचेचा फुगा खाली बसतो ना! जित्याची खोड.

बाई तरातरा आत मशीनपाशी गेल्या. रागवायलाच गेल्या होत्या, पण तो लाल चेहरा पाहून त्यांना हसूच आलं.

"मामंजी, काच फुगवून झाली. नळी तोंडातून काढलीत, दुसऱ्याच्या हातात दिलीत. आता काय करता तुम्ही?"

"काय करणार? फुंकणं संपलं, उभा राहतो गप."

"मग तसेच पडून राहा."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" मामंजी गुरगुरले.

या वेळी रेघा स्वच्छ आल्या. एका कोपऱ्यातले थोडे चौकोन खरंच निपचित होते, ते काही खोटं नव्हतं. पण बाकीची सगळी भिंत झकास चेपत होती. डॉक्टर म्हणाले, "थोडा भाग गेलाय, बाकीचं हृदय छान चाललंय. मोठी भांडी आता दुसऱ्याने फुंकायची. छोटी कामं करू द्या त्यांना. जाऊ द्या भट्टीवर."

बाईंना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मामंजी बाहेर आले ते पडद्यासमोर येऊन ठाकले. आपलंच हृदय चौकटीत धडधडताना बघत राहिले.

"तुझी सासू जन्मभर म्हणायची, या माणसाला काळीजच नाही," ते शेवटी म्हणाले. "आज असती, तर हात धरून आणली असती गं तिला इथे."