फळीसारखी कडा

माझ्या गाइड सरांना प्रबंध वाचायची गरज कधी पडलीच नाही. ते पानांच्या कडा बघायचे. नांदेडला त्यांच्या केबिनबाहेर ताटकळून मी आत गेले, की पान डोळ्यांपुढे धरून म्हणायचे, "मॅडम, उजवी बाजू बघा. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते. जस्टिफाय करून आणा." इतक्या वर्षांत त्यांच्याकडून याहून जास्त मार्गदर्शन मिळालं असेल तर शपथ.

बाया खुरपताना म्हणतात त्या गाण्यांवर माझा प्रबंध. निम्मी गाणी माझ्या आईचीच, नायगावच्या शिवारातली. सरांच्या सहीशिवाय तो जमा होणार नव्हता, आणि सोमवारी मुदत संपत होती. अडला हरी, दुसरं काय. सगळं सिलेक्ट केलं आणि जस्टिफाय दाबलं.

गाण्याची प्रत्येक ओळ मी शिफ्ट दाबून एंटर मारत तोडली होती. अशी ओळ कॉम्प्युटर ओढून उजव्या कडेला नेऊन टेकवतो, मग तीत चारच शब्द का असेनात. शब्दाशब्दात ही एवढाली भगदाडं पडली. सर मात्र खूश. "आता कशी फळीसारखी कडा आली. फायनल प्रिंट आणा, सही करतो." फळी म्हणे. सुतारकीच करायची होती तर प्रोफेसर कशाला झाले कोण जाणे.

प्रिंट घेऊन घरी गेले. आई साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली, बोट ठेवून वाचते. तिचंच गाणं तिच्यापुढे धरलं. बोट एका शब्दावरून दुसऱ्यावर जाईस्तोवर चाल तुटायची. तिनं दोनदा सुरुवात केली, मग पान बाजूला सारलं.

"हे माझं न्हाई," ती म्हणाली. "गावानं आमाला लई लांब लांब उभं केलं, माय. तू गाण्यात बी तेच करायलीस का?"

मला रडूच आलं, आणि सरांची अशी चीड आली की सांगता सोय नाही. बसले आणि एकूण एक गाणं परत डावीकडे लावलं. ओळ जिथं संपते तिथं संपू दिली. सही गेली तर गेली.

सोमवारी सरांनी पहिलं पान डोळ्यांपुढे धरलं, बाकीचा गठ्ठा अंगठ्यानं फर्रकन सोडला आणि सही ठोकली.

"बघा, सगळं जस्टिफाय केल्यावर कसं शोभतं," म्हणाले.

एका गाण्यापाशीसुद्धा त्यांचा अंगठा थांबला नव्हता.